लाभाचा वेढा

सुरुवातीलाच माफी मागून घेतो. आपल्या मंडळाच्या या दिवाळी अंकात जी माणसं कामाच्या आठवणी लिहितात त्यांच्या पाठीशी तीस-तीस वर्षांची नोकरी असते. कुणी तहसीलमधले, कुणी शाळेतले, कुणी जंगलखात्यातले. मी अजून चार वर्षांच्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझं काम सगळं मिळून चार वर्षांचं. त्यातून परीक्षांचे दिवस वजा केले तर सांगायलाही संकोच वाटतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. मी ट्राउट नावाच्या माशासाठी गळावर नकली किडे बांधतो, आणि तो मासा मी पाण्यात कधी पाहिलेला नाही. तो थंड पहाडी नद्यांमधला मासा. आपल्या वैनगंगेत सोडला तर जगायचा नाही. एखाद्यानं वर्षानुवर्षं जोडे शिवावेत आणि पाय कसा असतो ते त्याला ठाऊक नसावं, तसं हे आहे.

मंडळाच्या वसंतकाकांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "निवृत्त माणसं दरवर्षी लिहितात. यंदा तू लिही. शुद्धलेखनाची काळजी करू नकोस, ते मी बघतो." माझी शाळा हिंदीत झाली, घरी आम्ही मले-तुले बोलतो आणि पुस्तकातली मराठी मी वाचून वाचून शिकलो. तेव्हा या लेखातले शब्द बरोबर असतील तर ते श्रेय काकांचं. कामात घडलेली चूक मात्र माझी आहे, आणि खरं म्हणजे तिच्यासाठीच मी लिहायला बसलो आहे.

आमच्या वॉर्डात प्रल्हादभाऊंची एक लांबट खोली आहे. भाऊ तरुणपणी कामाच्या शोधात कलकत्त्याला गेले होते. तिथं एका कारखान्यात शौकिया मासेमारी करणाऱ्यांसाठी असे किडे बांधत. वीसेक वर्षांनी परतले तेव्हा त्यांच्या पेटीत कपडे कमी आणि शिकंजे जास्त होते. शिकंजा म्हणजे टेबलाच्या काठाला बसवायची छोटी पकड. तिच्या तोंडात गळ धरायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवून बांधत राहायचं. भाऊंनी खिडकीखाली लांब टेबल टाकलं, आठ शिकंजे बसवले आणि वॉर्डातल्या बायकांना काम शिकवलं. लोक तिला किडेवाल्यांची खोली म्हणतात. मी तिथं जायला लागलो तेव्हा आई शेजारणीला म्हणाली होती, "आमच्या घरातला पयला पोट्टा कॉलेजात गेला, अन् तिथून येऊन किडे बांधून राह्यला."

आम्ही मुख्यतः एकच किडा बांधतो. त्याला निंफ म्हणतात. पहाडी नद्यांच्या तळाशी दगडांखाली काही किडे वाढतात. पंख फुटण्याआधीचं त्यांचं रूप म्हणजे निंफ. प्रवाहानं ते दगडावरून सुटले की तळाजवळून वाहत जातात आणि मासा तिथंच त्यांची वाट पाहत असतो. म्हणून नकली निंफही तळापर्यंत गेला पाहिजे. नुसतं पीस आणि धागा पाण्यावर तरंगत राहील. त्याच्या पोटात वजन घालावं लागतं, आणि ते बाहेरून दिसता कामा नये.

बांधायचं असं. करंगळीच्या नखाएवढा गळ शिकंजात धरायचा. त्याच्या सरळ दांडीवर शिशाची बारीक तार गुंडाळायची. आमच्या किड्याला दहा वेढे. वरून धागा घट्ट फिरवायचा, म्हणजे शिसं सरकत नाही. मागच्या टोकाला कोंबड्याच्या पिसाचे तीन-चार तंतू शेपटीसारखे बांधायचे. त्याच पिसाचे बाकीचे तंतू पुढे गुंडाळत नेले की तपकिरी अंग तयार होतं. त्यावर केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे विरळ पट्टे द्यायचे, तेही उलट दिशेनं, म्हणजे माशाच्या दातानं पीस सुटत नाही. छातीच्या जागी थोडी लोकर, तिच्या पाठीवर बदकाच्या पिसाची पट्टी. शेवटी डोक्यापाशी गाठ आणि वार्निशचा एक थेंब. तो थेंब गळाच्या कानात, म्हणजे पुढच्या भोकात गेला तर सगळी मेहनत वाया, कारण मग त्यातून दोरी ओवली जात नाही.

पिसं कटंगीच्या बाजारातून येतात आणि तांब्याची तार माझ्या घरून. बाबा जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करतात, म्हणजे त्यांत तांब्याच्या तारेचे वेढे पुन्हा भरतात. लहानपणी मी त्यांच्याजवळ बसून अभ्यास करत असे आणि ते पुटपुटत वेढे मोजत. मधे बोललेलं त्यांना चालत नसे. "एक वेढा कमी-जास्त झाला तं मोटार जळते," ते सांगत. "वेढा म्हणजे वेढा. अंदाजपंचे नाही चालत." पाढे मी शाळेत शिकलो, पण मोजणं म्हणजे काय ते बाबांकडून. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात याचा हात आहे.

खोलीत भाऊंच्या डोक्यावरच्या फळीवर काचेच्या डबीत एक निंफ ठेवलेला असे. तो नमुना. कलकत्त्याहून आणलेला. त्याच्याखाली भाऊंच्या अक्षरात एक कार्ड: गळ कोणता, वेढे दहा, शेपूट किती लांब. प्रत्येकीनं आपला किडा त्याच्याशी ताडून पाहायचा. नमुन्याला हात लावायचा नाही आणि ब्लेड तर नाहीच, हा खोलीतला एक नियम. दुसरा नियम हात धुण्याचा. शिसं हाताला लागतं, म्हणून साबणानं हात धुतल्याशिवाय चहाचा कप कुणालाही मिळत नसे.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक लांबचे पत्ते. पण इथलीही दोन माणसं आठवतात. वैनगंगेच्या घाटावर मासे धरणारे बुधरामदादा एकदा चार निंफ घेऊन गेले. आठवड्यानं परत आले आणि दारातूनच म्हणाले, "तुमचा किडा लय शाना आहे बापा. सीधा खाली जाऊन गप बसते. मासा वरून पाह्यते अन् निघून जाते."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय, कणकेची गोळी लावली त्याच्यावर. तवा कुठी लागला."

तरी ते अजून दर हंगामाला चार घेऊन जातात. गळ मजबूत आहे म्हणतात. दुसऱ्या होत्या कटंगीच्या एक बाई. मुलीच्या लग्नात तपकिरी शालूवर शोभतील असे कानातले त्यांना कुठंच मिळेनात, आणि आमचा निंफ कुणाकडे तरी त्यांनी पाहिला होता. भाऊंनी पकडीनं दोन गळांची टोकं तोडून घासून दिली. चार वर्षांत आमच्या कामाचं डोळ्यांदेखत कौतुक झालं ते त्या लग्नातच.

पण खोली चालायची ती एका गिऱ्हाइकावर. हिमाचलात एका नदीकाठी त्यांचं गेस्टहाऊस आहे. मासे धरायला येणारे शौकीन तिथं उतरतात, आणि त्यांना लागणारे निंफ दरवर्षी थंडी सरता सरता आमच्याकडून जातात. आम्ही त्यांना पहाडवाले साहेब म्हणतो. त्यांचा फोन मीच घेत असे, कारण कॉलेजात जाणारा मीच.

आता इंदूमावशींविषयी. भरवेलीला खाणीच्या कॉलनीत राहतात, शेअर ऑटोनं येत. खोलीतल्या सगळ्यांत जुन्या. मला शेपटीचे तंतू सारखे कसे करायचे, गाठ कशी सरकवायची, हे त्यांनी शिकवलं. माझा पहिला किडा त्यांनी तळहातावर घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "हा पाण्यात गेला तं मासा पोट धरून हासन. ठेव जपून. पुढं तुलेच दाखवीन." तो त्यांनी खरंच आपल्या डबीत ठेवला होता. एक गोष्ट मात्र त्यांनी शिकवली नाही, कारण ती खोलीत होतच नसे. गळांवर शिसं चढवणं हे काम प्रत्येकजण घरी करून आणी. दिवसाचा उजेड बारीक कामाला वापरायचा, अशी भाऊंची पद्धत. त्यामुळे कोण वेढे कसे घेतो हे कुणी कुणाचं पाहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी भाऊंनी माल तपासायचं काम माझ्याकडे दिलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही तीन-तीनदा वजन घेऊन सरासरी काढायला नुकतंच शिकलो होतो. मी ओळखीच्या सोनाराकडून एक छोटा काटा मागून आणला आणि प्रत्येकीचा डझन त्यावर ठेवायला लागलो. चौकटीच्या कागदावर तक्ता केला. सगळ्यांचे आकडे जवळजवळ येत, इंदूमावशींचा प्रत्येक वेळी जड. मी तक्ता भाऊंना दाखवला.

"साहेबानं तक्रार केली का?" भाऊंनी विचारलं.

"नाही."

"मंग तुले काहून खाज सुटली?"

"पण भाऊ, कार्डावर दहा लिहिलं आहे. नमुना म्हणजे नमुना."

भाऊ फळीकडे पाहत राहिले. ते हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत, आणि मी तेवढंच ध्यानात घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळ्या जणी टेबलावर असताना, मी मावशींचा एक किडा उचलला.

"मावशी, तुमचा डझन जड येतो."

"येऊ दे. कोणाले हलका तं नाही ना देत?"

"पण दहाच वेढे पाहिजेत."

"दहाच हायेत."

"मोजून पाहू?"

"मोज."

त्यांना वाटलं असेल, मी नखानं चाचपून मोजेन. मी ब्लेड घेतली आणि किड्याचं पोट उभं चिरलं. पीस सुटलं, लोकर बाहेर आली, आणि शिशाची तार लहानशा स्प्रिंगसारखी सुटून टेबलावर पडली. ती चिमट्यानं धरून मी मोठ्यानं मोजायला लागलो, अगदी बाबांसारखा. नऊ, दहा, अकरा.

दाराजवळून कुणीतरी हसत म्हणालं, "मावशी, शाळेत नाही गेल्या म्हणून अकरालेच दहा म्हणता का?"

मावशींनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या चिरलेल्या किड्याकडे पाहत होत्या. "माह्या बापानं कटंगीच्या बाजारात जनमभर धान मोजलं," त्या म्हणाल्या. "त्याच्या मापावर कोणी बोट नाही ठेवलं. तू ब्लेड ठेवली."

मग त्यांनी आपला शिकंजा पुसला, डबी पिशवीत टाकली, साबणानं हात धुतले, आणि चहा न घेता निघून गेल्या. हात धुऊन चहा न घेणारं माणूस त्या खोलीत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. भाऊ मला म्हणाले, "जाऊन आण तिले." मी म्हटलं, "येतील आपोआप." माझी परीक्षा जवळ आली होती, हे एक कारण. दुसरं कारण असं, की मला मी बरोबर आहे असं वाटत होतं. अकरा होते ते अकराच होते. मावशींच्या शिकंजावर भाऊंनी एक कपडा झाकून ठेवला. त्या थंडीत आमचा सगळा माल माझ्या काट्यावरून एकसारखा उतरून पहाडात गेला. इतका एकसारखा माल खोलीतून पूर्वी कधी गेला नव्हता, आणि याचा मला अभिमान होता, हेही लिहून टाकतो.

उन्हाळा लागता लागता साहेबांचा फोन आला.

"भाई, इस बार का माल देखने में तो बढ़िया है, पर नीचे नहीं बैठ रहा। बहाव में बह जाता है।"

"सर, पूरा नमूने के हिसाब से है। दस फेरे।"

"दस-बीस मैं नहीं जानता। पहले हर डिब्बे में कुछ ऐसे निकलते थे जो सिर के बल नीचे जाते थे। मेरे गेस्ट डिब्बे में वही ढूँढ़ते थे। वैसे भेजो। नहीं तो मैं कहीं और देखूँगा।"

आणि त्यांनी मागच्या एका हंगामातला जुना किडा पाकिटात घालून पाठवला. झिजलेला, शेपटीचा एक तंतू तुटलेला. पण डोक्याजवळची गाठ मी ओळखली. ती मावशींनी मला शिकवलेली गाठ होती.

तेव्हा मी स्वतःला हुशार समजून अकरा वेढ्यांचे सहा किडे बांधले आणि कुरिअरनं पाठवले. साहेबांचं उत्तर आलं: "भारी तो है, पर पेट के बल गिरता है। वो वाली बात नहीं है।"

म्हणजे गोष्ट नुसत्या अकराची नव्हती. मी तो जुना किडा हातात घेतला आणि भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि फळीवर नमुन्याच्या शेजारी ठेवला.

"याले ब्लेड लावली तं मी तुह्या हाताले लावीन," ते म्हणाले. "ज्याचा किडा त्याले विचार." मग म्हणाले, "साहेब गेला तं हे टेबल गेलं. हे ध्यानात ठेवून जा."

रविवारी मी सायकल काढली. भरवेलीच्या रस्त्याला काळपट धूळ असते, पोचेपर्यंत पँटचे पाय रंगले. मावशी अंगणात सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या.

"जयभीम, मावशी."

"जयभीम. ब्लेड आणली का?"

"नाही."

"मंग बस."

मी बसलो. म्हटलं, "मावशी, माझं चुकलं."

"काय चुकलं? मोजलं तं बरोबर होतं. अकराच होते."

"सगळ्यांसमोर चिरायला नको होतं."

"हौ," त्या म्हणाल्या. "ते चुकलं."

त्यांनी सूप दोनदा झटकलं. मग मी साहेबांच्या फोनचं सांगितलं, जुन्या किड्याचं सांगितलं, माझे सहा किडे पोटावर पडतात हेही सांगितलं. त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

"तुह्या बापाजवळ गेलता का हे विचाराले?"

"बाबा म्हणतात, एक वेढा जास्त झाला तं मोटार जळते."

"मोटार जळते. माह्या किड्यात करंट वाह्यते का रे?"

मग त्यांनी सुपातल्या तांदळांत हाताची ओंजळ भरली आणि ती सुपाच्या कडेला, बाकीच्या ढिगापासून दूर, वेगळी ओतली. "लाभ," त्या म्हणाल्या. दुसरी ओंजळ दुसऱ्या बाजूला ओतली. "एक." तिसरी तिच्यावर. "दोन." त्यांचे वडील असंच धान मोजत. पहिलं माप बाजूला, त्याला लाभ म्हणायचं, ते घेणाऱ्याचं. मोजणी त्याच्यानंतर सुरू. आपल्याकडे पुष्कळ जण पहिल्या मापाला लाभ म्हणतात, पण ते एकच्या जागी. मावशींच्या वडिलांचा लाभ मोजणीच्या बाहेरच होता.

"बाप म्हणे, मोजून देल्लं ते तं हिशोबाचं झालं. आधी न मोजता द्याचं, मंग मोजाचं."

त्या आत गेल्या आणि आपली डबी घेऊन आल्या. एक गळ चिमटीत धरला. शिशाच्या तारेचा पहिला वेढा त्यांनी अगदी पुढं घेतला, गळाच्या कानाजवळ, एकटाच. "लाभ." मग तार दांडीवरून सरळ मागं शेपटीकडे नेली आणि तिथून पुढं येत येत मोजलं. दहाव्या वेढ्याला त्या पुढच्या एकट्या वेढ्याजवळ येऊन थांबल्या.

"दहाच हायेत," त्या म्हणाल्या. "मी कुठी खोटं बोलली?"

मी तो गळ हातात घेऊन फिरवून पाहिला. सगळा जास्तीचा भार पुढं, डोक्याशी होता. पाण्यात पडल्यावर हा किडा डोकं खाली करून जाणार, हे सांगायला विज्ञानाचा विद्यार्थी लागत नाही. मी पोट चिरलं तेव्हा तार सुटून स्प्रिंगसारखी पडली होती. आकडा माझ्या हाती आला होता, जागा गेली होती. आणि मी अकरा वेढे घेतले तेव्हा सगळे मागून घेतले, पुढं मोकळी जागा सोडली, कारण वार्निश कानात जाऊ नये म्हणून तशी जागा सोडायची हे मला पाठ होतं. माझं सगळं पाठ होतं.

"तुम्हाला माहीत होतं का, असा किडा डोक्यावर जातो ते?" मी विचारलं.

"मले काय माहीत? मी मासा पाह्यला का? तू पाह्यला?"

"नाही."

"मंग दोघंबी सारखेच."

मी त्यांना खोलीत परत यायला म्हटलं. त्यांनी मान हलवली. "आत्ता नाही. साहेबाले नक्की काय पटते ते तुलेबी माहीत नाही अन् मलेबी. उद्या त्यानं नाही म्हटलं तं पुन्हा त्या टेबलावर मीच हसू होईन. मी इथीच एक डझन बांधून देतो, ते पाठव. त्याचा निरोप येऊ दे. मंग पाहू."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांचा शिकंजा सायकलला बांधून नेऊन दिला. त्यांनी डझन बांधला. मी तो काट्यावर ठेवला नाही. पाकिटात चिठ्ठी घातली: "ये मौसी के बाँधे हुए हैं।"

त्या संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते कॉइल भरत होते. हातातले वेढे पूर्ण केले आणि म्हणाले, "सुरुवातीची तार बाहेर काढाले मीबी थोडी सोडतो. ते कुठी मोजतो मी?"

"मला कधी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलं?"

निरोप काही येईना. पहाडात दरड कोसळून रस्ता बंद झाल्याचं कळलं. साहेबांचा फोन कधी लागत नव्हता, कधी लागला तर उचलला जात नव्हता. पार्सल त्यांना मिळालं की मधेच कुठं पडून आहे, तेही समजायला मार्ग नव्हता. खोलीतलं काम आटत गेलं. आणखी तीन शिकंजांवर कपडे झाकले गेले. मावशींवर हसलेल्या ताई एक दिवस मला म्हणाल्या, "मावशीले सांग ना, मी उगाच बोलली." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. मग वाटलं, हे मला म्हणायचा अधिकार नाही.

मी दर रविवारी भरवेलीला जात असे. मावशी मला पाहताच विचारत, "आला का निरोप?"

"नाही."

"मासे पंचायत बसवून राह्यले असतीन. निर्णय लवकर नाही होत त्याइचा."

एकदा त्यांनी डबीतून माझा तो पहिला किडा काढून दाखवला. खरंच हसण्यासारखा होता. शेपूट वाकडी, डोकं वाटाण्याएवढं. तो त्यांनी पुन्हा डबीत ठेवला. चिरून पाहिला असता तर आत काय सापडलं असतं, कुणास ठाऊक. मी तेव्हा दहापर्यंत नीट मोजत होतो, एवढं नक्की.

आभाळ भरून यायचे दिवस आले होते. एका शनिवारी आमचं प्रॅक्टिकल सुटलं आणि व्हरांड्यात मी फोन चालू केला. साहेबांकडून एक फोटो आणि एक आवाजी निरोप आला होता. मी फोटो उघडला नाही, निरोपही ऐकला नाही. का ते नीट सांगता येत नाही. ब्लेड मी एकट्यानंच लावली होती, निदान निरोप तरी एकट्यानं उघडू नये, असं काहीसं वाटलं असावं. सायकल काढली आणि भरवेलीला गेलो.

मावशी दारातच होत्या. आज रविवार नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी खाट पुढं ओढली. मी आधी फोटो उघडला. कुणाच्या तरी ओल्या हातात एक मासा, अंगावर तांबडे-काळे ठिपके, आणि ओठाच्या कोपऱ्यात आमचा निंफ. मावशींनी फोन आधी लांब धरला, मग जवळ.

"हा होय काय?" त्या म्हणाल्या. "याच्यासाठी एवढा तमाशा?"

मग मी निरोप लावला. मागं पाण्याचा मोठा आवाज येत होता. साहेब म्हणत होते, "नमस्ते भाई। रास्ता कल खुला, पार्सल आज सुबह मिला। मौसी वाले पानी में डाले। सिर के बल गए, सीधे नीचे। तीसरी बार में ही मछली लग गई। अब से इसी को नमूना मानिए, पूरा ऑर्डर इसी का।"

साहेब पुढं आणखी काही सांगत होते, पण मावशी बोलल्या म्हणून मी फोन थांबवला.

"माह्या जागी कोणी बसून राह्यलं का?"

"नाही. जागेवर कपडा तसाच आहे. शिकंजा तर इथंच आहे."

"सोमवारी सायकलवर घेऊन जाशीन. मी ऑटोनं येतो." त्या उठल्या, रांजणातलं पाणी घेऊन साबणानं हात धुतले, पदराला पुसले, चहाचं आधण ठेवलं आणि परत येऊन खाटेवर बसल्या. "आता पुन्हा लाव ते. पुरं लाव."

मी पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि या वेळी शेवटपर्यंत थांबलो. नमुन्याचं बोलून झाल्यावर साहेबांनी थोडा श्वास घेतला होता, पाण्याचा आवाज वाढला होता, आणि मग ते म्हणाले होते, "एक गेस्ट इसे चीरकर देखना चाहते थे कि अंदर क्या है। मैंने ब्लेड नहीं लगाने दी।"